धारणांच्या जाळ्याचे पन्नास वर्षांचे चित्र: काय हलवावे आणि काय स्थिर ठेवावे?

मृगनक्षत्र (धागाकर्ती)
सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार. गेले काही महिने मी नोकरी सांभाळून एका प्रश्नाशी झटते आहे. त्याचे उत्तर एकटीने शोधत बसण्यापेक्षा तो इथे मांडावा, म्हणून हा धागा काढत आहे. लोकांच्या सामाजिक आणि राजकीय धारणा एकमेकींशी ज्या जाळ्याने बांधलेल्या असतात, ते जाळे दशकानुदशके कसे बदलत गेले, हे पाहणाऱ्याची दिशाभूल न करता चित्रात कसे दाखवता येईल?

जाळे म्हणजे काय, ते आधी सांगते. एखाद्या माणसाचे गर्भपाताविषयीचे मत कळले, तर त्यावरून बंदूक परवान्याविषयीचे त्याचे मत किती खात्रीने ओळखता येईल? सर्वेक्षणातला प्रत्येक प्रश्न हा एक बिंदू मानायचा, आणि दोन प्रश्नांच्या उत्तरांत जितका सहसंबंध (शून्य म्हणजे संबंध नाही, एक म्हणजे पूर्ण जुळणी, उणे म्हणजे उलट दिशा) असेल तितकी जाड रेघ त्या दोन बिंदूंमध्ये ओढायची, आणि रेघेच्या रंगाने त्याची दिशा दाखवायची. म्हणजे इथे बिंदू ही मते आहेत, माणसे नाहीत. हे मुद्दाम सांगते, कारण राजकीय जाळ्यांची जी चित्रे आपण बहुधा पाहिलेली असतात त्यांत बिंदू माणसांचे असतात. अमेरिकी प्रतिनिधिगृहातील १९४९ ते २०१२ या काळातल्या मतदानावरून क्लिओ अँड्रिस आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेले चित्र अनेकांना आठवत असेल. त्यात प्रत्येक बिंदू एक लोकप्रतिनिधी आहे, आणि निळा व लाल असे दोन पुंजके हळूहळू एकमेकांपासून दुरावत जातात. ते चित्र उत्तम आहे, पण तो वेगळा प्रश्न आहे.

मतांनाच बिंदू मानण्यामागचा विचार जुना आहे. फिलिप कॉन्व्हर्स यांनी १९६४ मध्ये धारणाव्यवस्थेची व्याख्या करताना मते एकमेकांना 'बांधून' ठेवतात यावर भर दिला, आणि १९५८ च्या काँग्रेस उमेदवारांची मते सामान्य मतदारांच्या मतांपेक्षा एकमेकांशी किती घट्ट जुळलेली होती, हे आकड्यांनी दाखवले. त्या बंधनांचे जाळ्यात रूपांतर करण्याचे काम अलीकडचे आहे. अँड्रेई बुटिलिन आणि स्टीफन वैझी यांनी २०१७ मध्ये २००० सालच्या अमेरिकी निवडणूक अभ्यासाचा विदा (म्हणजे डेटा) घेऊन असे जाळे मांडले. त्यात केंद्रस्थानी कोणताही धोरणात्मक प्रश्न आला नाही, तर 'मी उदारमतवादी की परंपरावादी' ही स्वतःची ओळखच आली.

मी वापरलेला विदा शिकागो विद्यापीठातील एनओआरसी या संस्थेच्या जनरल सोशल सर्व्हेचा आहे. हे सर्वेक्षण १९७२ पासून चालू आहे. आरंभी ते जवळजवळ दरवर्षी होत असे, १९९४ पासून वर्षाआड होते, आणि त्यातले बरेच प्रश्न शब्दही न बदलता पुनःपुन्हा विचारले गेले आहेत. विदा कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतो. त्यातले ४० प्रश्न मी निवडले.

या जाळ्यातल्या दोनच रेघा जवळून पाहू. पहिली रेघ 'राजकीय ओळख' आणि 'वैज्ञानिकांवरील विश्वास' यांच्यामधली. वैज्ञानिक समुदाय चालवणाऱ्या लोकांवर तुमचा पुष्कळ विश्वास आहे, थोडासाच आहे की जवळजवळ नाही, असा तो प्रश्न आहे. गॉर्डन गोशा यांनी २०१२ मध्ये याच विद्याच्या आधारे दाखवले की १९७४ मध्ये स्वतःला परंपरावादी म्हणवणाऱ्यांचा विज्ञानावरील विश्वास उदारमतवादी, मध्यममार्गी आणि परंपरावादी या तिन्ही गटांत सर्वाधिक होता आणि २०१० पर्यंत तो सर्वांत कमी झाला. माझ्या चित्रात ही रेघ आरंभी एका रंगाची आणि बारीक आहे, मध्ये ती जवळजवळ दिसेनाशी होते आणि नंतर दुसऱ्या रंगाने परत उमटते. दुसरी रेघ 'पक्ष' आणि 'गर्भपात' यांच्यामधली. १९७३ च्या जानेवारीत गर्भपाताचा हक्क मान्य करणारा अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा रो विरुद्ध वेड हा निकाल लागला, तेव्हा सामान्य मतदारांमध्ये या प्रश्नावर दोन पक्षांत फारसे अंतर नव्हते. उलट रिपब्लिकन मतदार गर्भपाताच्या हक्काकडे किंचित अधिक झुकलेले होते. ऐंशीचे दशक संपता संपता ही रेघ शून्य ओलांडते आणि मग जाड होत जाते. आज हा प्रश्न दोन पक्षांमधली सीमारेषाच वाटतो, म्हणून ती शून्यातून जाणारी रेघ पाहताना मी बराच वेळ थांबले होते.

आता माझी अडचण. जाळ्याची मांडणी मी नेहमीच्या पद्धतीने केली. त्यात रेघा स्प्रिंगप्रमाणे ओढतात, बिंदू एकमेकांना दूर ढकलतात, आणि सगळे स्थिरावले की तेच चित्र. प्रत्येक वर्षाचे चित्र असे स्वतंत्र काढून मी ती एकामागून एक चालवली. जाळे फिरत होते, फुटत होते, पुन्हा जुळत होते. एका स्नेह्यांना ते दाखवले, तेव्हा ते म्हणाले, "नव्वदनंतर तर सगळेच उधळले की!" मला शंका आली. मग १९९१ या एकाच वर्षाचा विदा घेऊन, आरंभीची जागा तेवढी बदलून, मांडणी दोनदा केली. एकाच वर्षाच्या त्या दोन चित्रांत बिंदू जितके सरकले, जवळजवळ तितकेच ते दोन वेगवेगळ्या वर्षांच्या चित्रांतही सरकत होते. म्हणजे माझे स्नेही जी उलथापालथ पाहत होते, तिच्यातली बरीचशी मांडणीच्या गणिताने निर्माण केलेली होती, समाजाने नव्हे.

हे कसे टाळावे? या विषयात काम केलेल्यांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती.

शून्यलब्धि
सोमवार, रात्री ११.१५

मृगताई, १९९१ चा विदा दोनदा चालवून पाहिलात हे फार चांगले केले. अशी चित्रे काढणाऱ्या प्रत्येकाने ही परीक्षा आधी करावी. स्प्रिंगच्या मांडणीत बिंदू वर आहे की खाली, डावीकडे आहे की उजवीकडे, याला काहीही अर्थ नसतो. संपूर्ण चित्र गोल फिरवले किंवा आरशात धरले तरी ते तितकेच बरोबर असते. अर्थ असतो तो फक्त अंतरांना, आणि तोही ढोबळ, कारण ४० बिंदूंमधली ७८० अंतरे कागदाच्या दोन मितींत बसवताना कुठेतरी ओढाताण होणारच.

पण मांडणी सुधारण्याआधी रेघांचीच चौकशी करावी, असे माझे मत आहे. १९९३ पर्यंत या सर्वेक्षणात दर फेरीला साधारण १५०० लोक असत. इतक्या नमुन्यात सहसंबंधाची ९५ टक्के मर्यादा, म्हणजे निव्वळ नमुन्यामुळे पडू शकणारा फरक, ढोबळमानाने ०.०५ अधिक-उणे असते. त्यात १९८८ पासून प्रश्नपत्रिकेचे तीन संच झाले. फिरते प्रश्न तीनपैकी दोनच संचांत असतात, त्यामुळे दोन प्रश्न वेगवेगळ्या जोड्यांत पडले तर दोन्ही प्रश्नांना उत्तर देणारे लोक एक-तृतीयांशच उरतात. १५०० चे ५०० झाले की तीच मर्यादा ०.०९ च्या आसपास जाते. या विषयातले अनेक सहसंबंध मुळातच ०.१ ते ०.२ च्या घरातले असल्याने, एका वर्षी रेघ दिसली आणि पुढच्या वर्षी दिसली नाही, यावरून काहीही सिद्ध होत नाही.

यात उंबरठ्याची भर पडते. बहुतेक जण ०.१० च्या खालच्या रेघा पुसून टाकतात. मग ०.०९ चे ०.११ झाले की चित्रात नवी रेघ 'जन्मते', आणि ०.३० चे ०.४५ झाले तरी ती थोडी जाड एवढीच होते. पाहणाऱ्याचे लक्ष जन्माकडे जाते, खरा बदल मात्र दुसरीकडे असतो. माझा सल्ला असा: पाच-पाच वर्षांचा विदा एकत्र करा, मिळालेल्या उत्तरांतूनच हजार वेळा नवा नमुना उपसून प्रत्येक रेघेची मर्यादा काढा, आणि रेघ पुसण्याऐवजी अनिश्चिततेनुसार ती फिकट करा. ७८० जोड्या ५ टक्क्यांच्या निकषाने तपासल्या, तर प्रत्यक्षात एकही संबंध नसतानाही ३९ च्या आसपास रेघा निव्वळ योगायोगाने उमटतील. हा आकडा चित्राखाली लिहूनच ठेवावा.

सह्यकडा
मंगळवार, सकाळी ८.०५

मी व्यवसायाने वृत्तपत्रांसाठी माहितीचित्रे करतो, त्या बाजूने लिहितो.

हलते चित्र पाहताना माणसाला मागचे चित्र आठवावे लागते, आणि चाळीस बिंदूंचे चित्र कोणालाही आठवत नाही. दोन काळांची तुलना करायची असेल, तर दोन्ही चित्रे एकाच वेळी डोळ्यांपुढे हवीत. म्हणून पाच किंवा सहा लहान चित्रे एका ओळीत लावा, आणि प्रत्येकात बिंदू अगदी त्याच जागी खिळवून ठेवा. सर्व वर्षांचा विदा एकत्र करून एकदाच मांडणी करायची आणि तीच सर्वत्र वापरायची. मग जागा स्थिर राहते, फक्त रेघा बदलतात, आणि डोळ्याला दिसणारा प्रत्येक फरक विद्यातला फरक असतो. वाचकाने एकदा 'गर्भपात वर डावीकडे, कर खाली उजवीकडे' असा नकाशा मनात बसवला, की पुढची चित्रे तो नकाशा न पाहता वाचतो.

दुसरा पर्याय चौकटीचा. ४० ओळी आणि ४० स्तंभ घ्या, प्रत्येक घरात एक सहसंबंध, आणि रंगाने त्याची दिशा व तीव्रता दाखवा. हे दिसायला जाळ्याइतके देखणे नसते आणि वाचकाला पहिल्या नजरेत परके वाटते, पण यात एकही रेघ दुसरीवर चढत नाही. जाळ्याच्या चित्रात साठपेक्षा जास्त रेघा झाल्या, की ते चित्र राहत नाही, गुंता होतो.

एक तिसरी जातही आहे. मार्टिन रोसव्हाल आणि कार्ल बर्गस्ट्रम यांनी २०१० मध्ये शास्त्रीय नियतकालिकांच्या उद्धरणांचे जाळे काळानुसार कसे बदलले ते नदीच्या प्रवाहांसारख्या पट्ट्यांनी दाखवले. त्यात निरनिराळ्या विषयांतून निघालेले प्रवाह एकत्र येऊन मेंदूविज्ञान हे स्वतंत्र शास्त्र म्हणून उभे राहताना दिसते. तुमच्या विद्यात 'कुटुंब-नीतीचे प्रश्न' आणि 'सरकारी खर्चाचे प्रश्न' हे दोन गट आधी वेगळे असून पुढे एकत्र आले असतील, तर हा प्रकार ते उत्तम दाखवेल. मात्र गट पाडणाऱ्या गणिताला एखादा बिंदू इकडे टाकावा की तिकडे असा संभ्रम असतो, तेव्हा पट्टा विनाकारण उड्या मारतो. शून्यलब्धि यांचा अनिश्चिततेचा मुद्दा तिथेही लागू आहे.

धुळाक्षर
मंगळवार, दुपारी १.३०

मी संख्याशास्त्रातला नाही, पण धागा दोनदा वाचला. एक साधा प्रश्न आहे. रेघ जाड झाली याचा अर्थ लोकांनी आपली मते बदलली असा घ्यायचा का? माझ्या ओळखीत तरी चाळिशीनंतर मत बदलणारी माणसे विरळाच.

बारा_बलुती
मंगळवार, रात्री १०.२०

धुळाक्षर, तुमचा प्रश्न साधा नाही. या सगळ्या चित्रांचा अर्थ त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे. मी राज्यशास्त्र शिकवतो आणि दरवर्षी विद्यार्थ्यांशी याच जागी अडतो, म्हणून थोडे लांबवतो.

जनरल सोशल सर्व्हेच्या मुख्य विद्यात दर फेरीला नवी माणसे निवडली जातात. १९७४ मध्ये ज्यांना विचारले, त्यांनाच २०१० मध्ये विचारलेले नाही. त्यामुळे जाळे बदलले म्हणजे समाजातल्या मतांची जुळणी बदलली, इतकेच म्हणता येते. ती जुळणी तीन वाटांनी बदलू शकते: तीच माणसे मत बदलतात, जुनी पिढी जाऊन नवी येते, किंवा मते तीच राहून माणसे पक्ष बदलतात. चित्रात या तिन्ही वाटा अगदी सारख्या दिसतात. केविन काइली आणि स्टीफन वैझी यांनी २०२० मध्ये त्याच माणसांना पुन्हापुन्हा विचारलेल्या विद्यावरून असा निष्कर्ष काढला की बहुतेक प्रश्नांवर प्रौढांची मते टिकाऊ रीतीने बदलत नाहीत. ती हलतात आणि पुन्हा आपल्या मूळ जागी येतात. तेव्हा चाळिशीविषयीचे तुमचे निरीक्षण बरेचसे खरे आहे.

दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. जाळे घट्ट होणे आणि लोक टोकाला जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्यू संशोधन केंद्राने २०१४ मध्ये दहा प्रश्नांवरून एक चित्र केले. त्यात डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन यांच्या मतांच्या दोन टेकड्या १९९४ मध्ये एकमेकींवर चढलेल्या दिसतात आणि २०१४ मध्ये अलग झालेल्या दिसतात. मधल्या रिपब्लिकनाच्याही डावीकडे असणारे डेमोक्रॅट वीस वर्षांत ७० टक्क्यांवरून ९४ टक्क्यांवर गेले, आणि मधल्या डेमोक्रॅटाच्या उजवीकडे असणारे रिपब्लिकन ६४ वरून ९२ वर गेले. ते चित्र पाहून बहुतेक वाचक म्हणतात की लोक टोकाला गेले. पण दहा प्रश्नांची बेरीज केली, की प्रत्येक प्रश्नावरचे मत जागच्या जागी राहूनही, फक्त मते एकमेकांशी आणि पक्षाशी जुळली, तरी टेकड्या अलग होतात. पूर्वी ज्याची सहा उत्तरे डावी आणि चार उजवी येत, असा माणूस बेरजेत मधोमध पडे. आता त्याच मतांची वाटणी दोन माणसांत वेगळ्या रीतीने झाली, तर एक डावीकडे जातो आणि दुसरा उजवीकडे.

डेलिया बाल्दासारी आणि अँड्र्यू गेलमन यांनी २००८ मध्ये हे फार स्वच्छपणे मोजले. १९७२ ते २००४ या काळात पक्ष आणि प्रश्न यांच्यातला सहसंबंध दर दशकाला सरासरी ०.०५ ने वाढला, पण प्रश्नाप्रश्नांमधला सहसंबंध फक्त ०.०२ ने. मृगताई, तुमच्या जाळ्याच्या भाषेत सांगायचे तर पक्षाच्या बिंदूपासून निघणाऱ्या रेघा जाड होत गेल्या, आणि बाकीचे जाळे त्या मानाने तसेच राहिले. डॅनियल डेलापोस्टा यांनी २०२० मध्ये तुमचाच विदा २०१६ पर्यंत घेऊन पुढची पायरी दाखवली. त्यांच्या मते पूर्वी घट्ट असलेले प्रश्न अधिक घट्ट झाले, यापेक्षा पूर्वी राजकारणाशी ज्यांचा संबंध नव्हता असे प्रश्न त्यात ओढले गेले, ही घटना मोठी आहे. तेलाचा तवंग पाण्यावर पसरावा, अशी उपमा त्यांनी दिली आहे. तुमची विज्ञानाची रेघ हे त्याच तवंगाचे उदाहरण आहे.

स्प्रिंगच्या मांडणीत नेमकी हीच गोष्ट मारली जाते. पक्षाच्या बिंदूच्या रेघा जाड झाल्या की तो मध्यभागी येतो आणि सगळ्यांना आत ओढतो, आणि पाहणाऱ्याला 'सगळेच एकत्र गोळा झाले' असे दिसते. कोणी कोणाला ओढले ते दिसत नाही.

उत्तररात्र
बुधवार, पहाटे ४.५०

मी गेली एकोणीस वर्षे न्यू जर्सीत आहे, आणि सर्वेक्षणाच्या प्रश्नावल्या मराठी व हिंदी भाषकांसाठी समजावून सांगण्याचे काम काही काळ केले आहे. त्या अनुभवातून दोन सावधगिरीच्या सूचना करते.

पहिली शब्दांविषयी. याच सर्वेक्षणात १९८४ पासून सरकारी खर्चाचे काही प्रश्न दोन प्रकारे विचारले जातात. काही लोकांना 'वेल्फेअर' वर होणारा खर्च कमी आहे का असे विचारतात, आणि काहींना 'गरिबांना मदत' या शब्दांत. दोन्हींचा रोख एकच असूनही, 'गरिबांना मदत' म्हटले की खर्च अपुरा आहे असे म्हणणारे कितीतरी पटींनी वाढतात. मृगताई, तुम्ही या दोन प्रकारांची बेरीज करून एकच बिंदू केला असेल, तर त्या बिंदूच्या रेघा १९८४ नंतर आपोआप बदलतील आणि तो बदल लोकांचा नसेल. शब्द बदलले की बिंदू वेगळा, हा नियम कडकपणे पाळावा.

दुसरी सूचना २०२१ विषयी. साथीमुळे त्या फेरीत घरी जाऊन मुलाखत घेण्याऐवजी बहुतांश लोकांकडून संगणकावर उत्तरे भरून घेतली गेली. समोर माणूस बसला असताना एखादी बाई वैवाहिक नीतीविषयी जे बोलते आणि पडद्यासमोर एकटी असताना जे लिहिते, त्यात फरक पडतो. मी अशा मुलाखतींना बसलेली आहे. सासू शेजारच्या खोलीत असली तरी उत्तराचा सूर बदलताना मी ऐकला आहे. म्हणून तुमच्या ओळीतले शेवटचे चित्र बाकीच्यांपासून थोडे अंतर ठेवून लावावे, म्हणजे वाचकाला तिथे काही तुटले आहे हे कळेल.

मृगनक्षत्र (धागाकर्ती)
बुधवार, रात्री ९.१०

सर्वांचे मनापासून आभार. उत्तररात्र, तुम्ही म्हणता ती चूक माझ्याकडून झालेली होती. 'वेल्फेअर' आणि 'गरिबांना मदत' मी एकाच स्तंभात घातले होते. ते आज वेगळे केले. आणखी एक गोष्ट त्याच वेळी ध्यानात आली. मूळ विद्यात काही प्रश्नांत १ म्हणजे 'होय' तर काहींत १ म्हणजे 'फार कमी', आणि सर्व प्रश्न एकाच दिशेला वळवून घेतल्याशिवाय रेघेच्या रंगाला अर्थच येत नाही. आता चाळीसही प्रश्नांत मोठा आकडा म्हणजे उदारमतवादी उत्तर, असे केले आहे.

सह्यकडा यांच्या सांगण्याप्रमाणे बिंदू खिळवून पाच चित्रे ओळीत लावली. ती पाहिल्यावर एक नवीच गोष्ट मला खुपू लागली. गांजा कायदेशीर करावा असे म्हणणारे अमेरिकन १९९० मध्ये १६ टक्के होते, २०१८ मध्ये ६१ टक्के झाले. समलिंगी विवाहाला अनुकूल असणारे १९८८ मध्ये ११ टक्के होते, २०१० मध्ये ४६ टक्के. या पन्नास वर्षांतले हे कदाचित सर्वांत मोठे मतपरिवर्तन, आणि माझ्या चित्रात ते कुठेच दिसत नाही. गांजाच्या प्रश्नावर उदारमतवादी आधीही पुढे होते आणि नंतरही पुढेच राहिले. सगळेच वर सरकले, त्यामुळे रेघेची जाडी फारशी बदलली नाही. याउलट बंदुकीसाठी पोलीस परवाना सक्तीचा असावा, याला सर्व काळ मोठे बहुमत राहिले, आकडा फारसा हलला नाही, पण पक्षाशी असलेली त्याची रेघ जाड झाली. सहसंबंधाचे जाळे कोण कोणाबरोबर हलते एवढेच सांगते, किती हलले ते सांगत नाही. वाचक मात्र 'धारणांमधील बदल' असे शीर्षक वाचून दोन्हींची अपेक्षा करणार.

म्हणून बिंदू आता साधे ठिपके ठेवलेले नाहीत. प्रत्येक बिंदू म्हणजे एक वर्तुळ, आणि त्याचा जितका भाग भरलेला तितके टक्के लोक त्या बाजूला. गांजाचे वर्तुळ पाच चित्रांत हळूहळू भरत जाते आणि त्याची रेघ तशीच राहते. बंदुकीचे वर्तुळ तसेच राहते आणि रेघ जाड होते.

सह्यकडा
बुधवार, रात्री ९.५५

भरत जाणारी वर्तुळे ही कल्पना उत्तम आहे. फक्त लाल आणि निळा टाळा. अमेरिकेत लाल म्हणजे रिपब्लिकन हा संकेत २००० च्या निवडणुकीच्या वार्तांकनापासून रूढ झाला, आणि १९७४ च्या चित्रात तो वापरला तर वाचक पक्ष पाहील, सहसंबंधाची दिशा पाहणार नाही. नारिंगी आणि जांभळा घ्या. रंगांधळ्या वाचकांनाही ते वेगळे ओळखू येतात.

धुळाक्षर
गुरुवार, दुपारी १२.४०

हे सगळे भारतासाठी करता येईल का? महाराष्ट्रासाठी तर फारच उत्सुकता आहे.

बारा_बलुती
गुरुवार, रात्री ११.००

करावे अशी माझी फार इच्छा आहे, आणि अडचणीही सांगतो. दिल्लीच्या सीएसडीएस या संस्थेच्या लोकनीती कार्यक्रमाचे राष्ट्रीय निवडणूक अभ्यास १९९६ पासून प्रत्येक लोकसभा निवडणुकीला झालेले आहेत. इतकी दीर्घ मालिका असणे ही मोठी ठेव आहे. पण त्या-त्या निवडणुकीचे प्रश्न त्या-त्या वेळच्या राजकारणातून येत असल्याने, शब्दशः तेच राहिलेले प्रश्न थोडे आहेत. चाळीस बिंदूंचे जाळे बहुधा जमणार नाही. दहा-बारांचे जमले तरी पुष्कळ.

दुसरी अडचण 'सांगता येत नाही' या उत्तराची. आपल्याकडे धोरणाच्या प्रश्नांवर हे उत्तर बरेच येते, आणि ते स्त्रियांकडून व कमी शिकलेल्यांकडून जास्त येते. अशी उत्तरे वगळून सहसंबंध काढला, तर उरतात ती ठाम मते असणारी, शिकलेली माणसे. कॉन्व्हर्स यांनी १९६४ मध्येच दाखवले होते की राजकारणाशी जवळीक असणाऱ्यांची मते एकमेकांशी अधिक घट्ट बांधलेली असतात. म्हणजे बाकीच्यांना वगळल्यामुळेच जाळे घट्ट दिसेल. माझ्या मते 'सांगता येत नाही' हाही बिंदूच्या वर्तुळात दिसणारा, वेगळ्या छटेचा भाग असला पाहिजे.

तिसरी गोष्ट मध्यभागाची. अमेरिकेच्या जाळ्यात पक्ष आणि 'उदारमतवादी-परंपरावादी' ही ओळख मध्यभागी येते, म्हणून आपल्याकडेही तसेच असेल असे गृहीत धरू नये. प्रदीप छिब्बर आणि राहुल वर्मा यांनी २०१८ मध्ये असे मांडले की भारतात मतभेदांचे दोन अक्ष आहेत. एक, राज्यसंस्थेने समाजजीवनात आणि मालमत्तेच्या वाटपात किती हस्तक्षेप करावा. दुसरा, मागे राहिलेल्या समूहांना राज्याने आरक्षणासारख्या मार्गांनी किती सामावून घ्यावे. त्यांच्यावर टीकाही झाली आहे, पण जाळे काढणाऱ्याला त्यातून एक तपासण्याजोगा प्रश्न मिळतो: हे दोन्ही अक्ष बिंदूंचे दोन वेगळे पुंजके म्हणून दिसतात की नाही?

आणि महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर पक्षाचा बिंदू तरी तोच राहिला आहे का? २०२२ मध्ये शिवसेना फुटली, २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस. २०१९ मध्ये 'शिवसेना' असे उत्तर देणारा मतदार आणि २०२४ मध्ये त्याच नावाला उत्तर देणारा मतदार एकाच घरात मोजायचा का? उत्तररात्र यांनी शब्द बदलला की बिंदू वेगळा असा नियम सांगितला. इथे शब्द तोच आहे आणि वस्तू बदलली आहे. मला वाटते की महाराष्ट्राच्या चित्रात पक्षाचा बिंदू २०१९ नंतर तोडावा आणि त्या जागी मोकळी जागा सोडावी.

शून्यलब्धि
शुक्रवार, सकाळी ७.३५

बारा_बलुती यांच्याशी सहमत आहे. एका राज्यातील नमुना लहान असल्याने मर्यादा आणखी रुंद होतील, हे धरूनच हात घालावा.

मृगताई, हजार वेळा उपसण्याचे काम झाले का? गर्भपात आणि पक्ष यांची रेघ शून्य नेमकी कोणत्या गटात ओलांडते, ते मर्यादांसह पाहायला मिळाले तर बरे.

मृगनक्षत्र (धागाकर्ती)
शनिवार, सायंकाळी ६.२०

काल रात्री झाले. रेघ शून्य ओलांडते हे स्पष्ट आहे, पण 'या वर्षी ओलांडली' असे म्हणता येत नाही. ऐंशीच्या दशकातला मर्यादेचा पट्टा बराच काळ शून्यावरच पसरलेला आहे. माझ्या पहिल्या चित्रात मी तिथे एका वर्षाला बाण दाखवून 'इथे दिशा बदलली' असे लिहिले होते. तो बाण काढला आणि त्या जागी फिकट राखाडी पट्टा ठेवला आहे, चित्राच्या एका घराएवढा रुंद.

चौकटीचे चित्रही केले, फक्त पक्षाच्या ओळीचे. चाळीस ओळींपैकी ती एकच ओळ, पाच काळांत, एकाखाली एक. पहिल्या ओळीत रंग आहे तो मुख्यतः सरकारी खर्चाच्या आणि कल्याणाच्या प्रश्नांपाशी, डावीकडच्या काही घरांत. खाली येता येता तो उजवीकडे सरकत जातो: आधी गर्भपात, मग बंदूक, पर्यावरणावरील खर्च, शेवटी वैज्ञानिकांवरील विश्वास. बारा_बलुती यांनी सांगितलेला तवंग असा एका ओळीत दिसला.

'गरिबांना मदत' आणि 'वेल्फेअर' ही दोन घरे मी मुद्दाम शेजारी ठेवली आहेत. सह्यकडा, सोमवारपर्यंत दोन्ही चित्रे तुम्हाला पाठवते. अक्षरे लहान पडतात का, तेवढे पाहून सांगावे.